रिळांतला महाराष्ट्र

7 डिसेंबर 1956. आदल्या दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन झालं होतं आणि रात्रीच्या विमानानं पार्थिव मुंबईला आणलं होतं. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’तून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीला पोचायला तासन्‌तास लागले. रस्ते, गच्च्या, झाडं, विजेचे खांब, जिथं पाय ठेवायला जागा तिथं माणूस होता. त्या लाखोंच्या गर्दीतून एक मूव्ही कॅमेरा वाट काढत होता. तो सरकारनं धाडलेला नव्हता, एखाद्या धनाढ्य स्टुडिओचाही नव्हता. लेखक आणि चित्रपटसृष्टीत धडपडणारे नामदेवराव व्हटकर यांनी आपला छापखाना गहाण टाकून ते चित्रीकरण उभं केलं होतं. बाबासाहेबांचा शेवटचा प्रवास पुढच्या पिढीला दिसला पाहिजे, एवढ्यासाठी एका माणसानं पोटापाण्याचं साधन पणाला लावलं. दरवर्षी 6 डिसेंबरला पडद्यावर जी हलती दृश्यं पाहून आजही लोक गप्प होतात, त्यांच्यामागं ही पदरमोड आहे.

महाराष्ट्राच्या इतिहास-संस्कृतीवरच्या माहितीपटांची गोष्ट सांगायची तर ती अशाच पदरमोडीची गोष्ट आहे. मराठी मुलखात कॅमेरा फार लवकर आला आणि तो आधी वळला तो खऱ्या माणसांकडं. कल्पित कथा, देवदेवतांचे चमत्कार, गाणी हे सगळं नंतर. पण जे टिपलं ते सांभाळणं हे काम इथं फारसं कुणी आपलं मानलं नाही. म्हणून या इतिहासात जेवढी नावं गौरवानं घ्यायची, तेवढीच हळहळही करावी लागते.

7 जुलै 1896 रोजी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. त्या खेळांनी ज्यांना झपाटलं त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. लोक त्यांना सावे दादा म्हणत. व्यवसायानं छायाचित्रकार, स्वतःचा स्टुडिओ असलेले. त्यांनी थेट इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स कंपनीकडून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. तो हाती आल्यावर या मराठी माणसानं पहिल्यांदा काय टिपलं? कुस्ती. 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची लढत लावली गेली आणि ती त्यांनी चित्रित केली. रीळ धुवायची सोय इथं नव्हती, ते लंडनला पाठवावं लागलं. दुसऱ्या चित्रपटात माकडांना खेळ शिकवणारा मदारी होता.

आखाडा आणि मदारी. चित्रपटाच्या आरंभीच या दोन गोष्टींची निवड व्हावी, याचं महत्त्व आपण पुरतं ओळखलेलं नाही. भाटवडेकरांसमोर कुठलाही नमुना नव्हता. ‘माहितीपट’ हा शब्दही नव्हता. रस्त्यावर, माळावर, गर्दीत जे रोज दिसतं तेच पाहण्याजोगं आहे, हे त्यांच्या छायाचित्रकाराच्या नजरेनं ठरवलं.

डिसेंबर 1901 मध्ये त्यांनी केलेलं चित्रीकरण तर देशातला पहिला वार्तापट म्हणून नोंदलं गेलं आहे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1899 साली सीनियर रँग्लर झाले होते. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं आणि भाटवडेकरांनी ते टिपलं. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत कोकणातल्या एका खेड्यातला मुलगा साहेबाला त्याच्याच विद्यापीठात मागं टाकून येतो, ही घटना राजकीय होती, सांस्कृतिक होती आणि घराघरांतल्या बोलण्याचा विषयही होती. पुढं 1903 च्या दिल्ली दरबाराचंही चित्रीकरण त्यांनी केलं.

यातलं आज काय पाहायला मिळतं? पैलवानांची लढत नाही, परांजप्यांचं स्वागतही नाही. ती रिळं नष्ट झाली. उरली ती वर्णनं.

दादासाहेब फाळक्यांचं नाव निघालं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला. पण फाळक्यांचा कॅमेरा त्याआधी वळला होता तो कुंडीतल्या वाटाण्याकडं. 1912 मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. पैसे उभे करण्यासाठी सावकाराला काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याच्या वाढीची चित्रं थांबून थांबून, दिवसेंदिवस घेत राहिले. पडद्यावर अंकुर फुटताना, वेल वर चढताना दिसला तेव्हा छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. भारतीय कथापटाचं भांडवल अशा तऱ्हेनं एका सत्यचित्रावर उभं राहिलं. पुढं फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे सांगणारं एक छोटं चित्रणही केलं. त्यात ते स्वतः आहेत. त्याचे जे तुकडे वाचले, त्यांत फाळके आपल्या कामात बुडालेले दिसतात. वही-पुस्तकांतून भेटणारा ‘चित्रपटमहर्षी’ तिथं घाईत असलेला, हातवारे करणारा, तरतरीत कारागीर होऊन समोर येतो. शंभर लेखांतून कळणार नाही ते त्या काही क्षणांत कळतं. माहितीपट कशासाठी करायचा, याचं याहून सरळ उत्तर नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं, मुंबईत पेडर रोडवर त्याचं ठाणं झालं. प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य वार्तापट किंवा माहितीपट दाखवणं बंधनकारक झालं. ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकांत गेलं त्यांना तो गंभीर आवाज आठवत असेल. धरणं, पूर, पंतप्रधानांचे दौरे, शेवटी क्रिकेटचा सामना. उशिरा आलो तरी चालेल, अजून न्यूजरीळच चालू असेल, असं म्हणत लोक दारावर शेंगदाणे घेत थांबायचे.

सरकारी मराठीत या प्रकाराला ‘अनुबोधपट’ म्हणत. शब्दातच बोध आहे, आणि बोधाचा तो भार पुष्कळ चित्रपटांना पेलवला नाही. एकच संहिता अनेक भाषांत उतरवली जाई. त्यामुळं सातारचा शेतकरी काय किंवा आसामचा मळेकरी काय, पडद्यावर दोघंही मुकेच. त्यांच्याविषयी बोलणारा दुसराच कुणी, छापील, घोटीव भाषेत. माणूस दिसायचा, त्याची बोली ऐकू यायची नाही. कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर काम करणारा गडी काहिलीसमोर उभा राहून काय बोलतो, कोळीवाड्यातली बाई वाटे लावताना कोणत्या शब्दांत भाव सांगते, हे त्या निवेदनाखाली दडपलं गेलं.

तरीही फिल्म्स डिव्हिजनला नुसतं हिणवणं अन्यायाचं होईल. साठच्या दशकात जाँ भावनगरी यांच्या प्रोत्साहनानं तिथं प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी धाडसी प्रयोग केले. आठ हजारांहून अधिक चित्रपट त्या संस्थेनं केले. पन्नास-साठच्या दशकांतला महाराष्ट्र हलताना पाहायचा असेल, तर अभ्यासकाला आजही त्याच साठ्याचं दार ठोठावावं लागतं. 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण पेडर रोडच्या आवारातल्या भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलं की त्या काळाची कल्पना येते.

मराठी लोकसंस्कृतीकडं आतून पाहणारा कॅमेरा मात्र एका जर्मन अभ्यासकानं आणला, ही गोष्ट आपण खुल्या मनानं मान्य केली पाहिजे. गुंथर सोंथायमर (1934–1992) मूळचे कायद्याचे अभ्यासक, हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीच्या कायद्यावर काम केलेले. महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या मागं लागले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ही दैवतं, त्यांच्या जत्रा, त्यांचे भगत, त्यांच्या ओव्या. वाड्यावाड्यांवर जाऊन, मेंढरांच्या मागं चालून त्यांनी धनगरी ओव्या टेपवर घेतल्या. मराठी त्यांनी पुस्तकातून शिकली असेल, पण ती मुरली माळावर.

धनगरी ओवी नुसती गायली जात नाही. गाणं थांबतं, मग तीच हकीकत बोलून सांगितली जाते, पुन्हा गाणं सुरू होतं, साथीदार ओळ उचलतात. कागदावर तिचा अर्थ येतो, पण तिची चाल आणि श्वास येत नाही. कदाचित म्हणूनच टेपरेकॉर्डरपाठोपाठ सोंथायमर चित्रीकरणाकडं वळले असावेत. हेनिंग स्टेगम्युलर यांच्याबरोबर त्यांनी 1989 साली पंढरीच्या वारीवर ‘वारी’ हा माहितीपट केला. जेजुरीच्या सोमवती अमावास्येच्या यात्रेवरही त्यांनी एक माहितीपट केला. सोमवतीला खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेच्या स्नानाला जाते. भक्तांच्या लेखी देव त्या दिवशी शिकारीला निघालेला असतो. सोंथायमरांनी चित्रपटाच्या नावातच ती शिकार घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला तिथं गर्दी आणि उधळलेला भंडारा दिसेल. ज्यानं धनगरांबरोबर दिवस काढले त्यालाच तिथं राजा, त्याची फौज आणि रानावरचा त्याचा हक्क दिसतो.

सोंथायमर 1992 मध्ये गेले. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या दोन दीर्घ धनगरी ओव्या, एक बिरोबाची आणि एक धुळोबाची, ॲन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्यानं इंग्रजीत आणल्या, त्या 2014 साली प्रसिद्ध झाल्या. मधे बावीस वर्षं गेली होती. टेप जपून ठेवलेली होती आणि ती बोली जाणणारी माणसं हाताशी होती, म्हणून हे साधलं. असंच दुसरं काम गी पोइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांचं. पुण्यात राहून त्यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पुढं पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळाच्या मंडळींनी तो संग्रह हाती घेतला. पिठाच्या गिरण्या आल्यानं जातं कोपऱ्यात गेलं होतं. तरी ओव्या सांगणाऱ्या बायकांची गावं पुन्हा शोधून, त्यांना भेटून कॅमेऱ्यासमोर त्या ऐकल्या गेल्या. आधी आवाज, मग नाव-गाव, मग चेहरा, असा तो उलटा प्रवास आहे. नोंद नीट ठेवली होती म्हणूनच तो शक्य झाला.

रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ (1991) हा माहितीपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो शोधून पाहावा. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं, कारण बाई मिळेना. त्यानंतर आलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया. कमला पुढं कमलाबाई गोखले झाल्या. त्यांनी मराठी रंगभूमी गाजवली. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. पण ‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही. तो काळाच्या पोटात गेला.

रीना मोहन कमलाबाईंकडं पोचल्या तेव्हा बाई नव्वदीच्या घरात होत्या आणि पुण्यात एकट्या राहत होत्या. कॅमेरा त्या घरात शिरतो तो एखाद्या मान्यवराची मुलाखत घ्यायला नव्हे. तो तिथं राहतो. थकलेलं शरीर, अंधूक नजर, घरातली बारीकसारीक हालचाल. आणि मधेच बाई जुन्या नाटकातलं भाषण म्हणू लागतात, आवाज चढतो, हात उचलला जातो, आणि तेवढ्या वेळापुरती समोरची म्हातारी नाहीशी होऊन कंपनीच्या नाटकातली नटी उभी राहते. वरून कुणी निवेदक सांगत नाही की या थोर होत्या. त्या रागावतात, हसतात, आठवणींत अडखळतात, आणि प्रेक्षकाला जे कळायचं ते कळतं. पाऊण तासाच्या त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्या काही वर्षांत कमलाबाई गेल्या. फिरत्या नाटक कंपन्यांतल्या बायकांचं जगणं बाईंच्याच तोंडून ऐकायचं तर हाती उरलं ते हे चित्रण. रीना मोहन यांनी आणखी दहा वर्षं उशीर केला असता तर तेही नसतं.

मुंबईच्या कामगार वस्तीचा इतिहासही असाच थोडक्यात हाती लागला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहण्याआधी काही कॅमेरे तिथं पोचले होते. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (1985) मध्ये फुटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांची घरं पाडली जातात, आणि त्यात शाहीर विलास घोगरे गातात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या दुःखात घोगऱ्यांनी आपलं जीवन संपवलं. पटवर्धनांनी त्यानंतर चित्रीकरण सुरू केलं ते चौदा वर्षं चाललं. 2011 मध्ये पूर्ण झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा त्या घटनेचा चित्रपट आहेच, पण त्याहून अधिक तो आंबेडकरी शाहिरीचा दस्तऐवज आहे. जलशांची परंपरा, वस्तीतल्या भिंतीला टेकून गाणारी मंडळी, चैत्यभूमीच्या रांगेतल्या बायका, कबीर कला मंचाची तरुण पोरं. मराठी संगीताच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी ज्या गाण्यांना वर्षानुवर्षं एखादी ओळही दिली नाही, ती इथं गाणाऱ्यांच्या गळ्यातून, त्यांच्याच घरात ऐकू येतात. चौदा वर्षांत त्यातली माणसं मोठी होतात, काही बदलतात, काही जातात. हा काळ पुन्हा उभा करून दाखवता येत नाही.

कवी नारायण सुर्व्यांवर दोन वेगळ्या वाटांनी चित्रपट झाले. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ (2001) मध्ये सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून गिरणगाव दिसतं. अरुण खोपकरांनी आपल्या चित्रपटाला पूर्ण नाव दिलं, ‘नारायण गंगाराम सुर्वे’. रस्त्यावर सापडलेल्या पोराला उचलून घरी नेणाऱ्या आणि स्वतःचं नाव देणाऱ्या गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराचं नाव शीर्षकातच आलं. कवीचा इतिहास कुठून सुरू होतो, हे त्या मधल्या नावानं सांगितलं.

लावणीबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. पडद्यावर लावणीची नक्कल इतकी झाली की मूळ काय हे सांगायला कुणीतरी हवं होतं. सावित्री मेधातुल यांनी ‘नटले तुमच्यासाठी’ या माहितीपटात कलाकेंद्रांतल्या, संगीत बारीतल्या कलावतींना बोलू दिलं. बैठकीची लावणी म्हणजे काय, अदा कशी शिकतात, घर कसं चालतं, मुलांच्या शाळेचं काय करतात. भूषण कोरगावकर या कामात त्यांच्याबरोबर होते. त्यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तकही त्याच वाटेवरून आलं, आणि मग त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही. तिकीट काढून शहरातला प्रेक्षक त्या बायकांची कला पाहायला बसला. माहितीपटानं नुसती नोंद केली असं नाही, कलावतींना नवा प्रेक्षक मिळवून दिला.

आणि तंबू टॉकीज. गावच्या जत्रेत पाळण्याशेजारी उभा राहणारा तो मळकट तंबू, ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर, कर्ण्यातून होणारा पुकारा, मधोमध बांधलेला दोर, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या जत्रा पालथ्या घालून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ केला. मधेशिया यांच्या तंबूतल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांना 2011 मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला, आणि 2016 च्या कान महोत्सवात चित्रपटाची खास दखल घेतली गेली. रिळांचा जमाना संपून डिजिटल यंत्रं येण्याचा नेमका तो काळ. चित्रपटातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर लोखंडाच्या धुडाला ज्या मायेनं तेलपाणी करतो, ते पाहिल्यावर एका धंद्याचा अस्त म्हणजे काय हे कळतं. आता जत्रेला जाऊन हे चित्रित करायचं ठरवलं, तर जुनी रिळं फिरवणारं यंत्र शोधावं लागेल.

या सगळ्या कामांत सारखेपणा शोधला तर तो तंत्रात नाही. काही माहितीपट फिल्मवर झाले, काही व्हिडिओवर, कुणाकडं पैसा होता, कुणाकडं नव्हता. सारखं आहे ते थांबणं. कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी ओसरीवर बसून चहा घेणं, आधी ऐकणं, दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच जत्रेला जाणं. दोन दिवसांत गाव उरकून, ड्रोननं किल्ल्याला चकरा मारून, वर ढोलताशा आणि भारदस्त निवेदन चढवून जे आज ‘ऐतिहासिक माहितीपट’ म्हणून फिरवलं जातं, त्यात हे थांबणं नाही. किल्ला वरून सुंदर दिसतो, यात शंका नाही. पण त्या किल्ल्याच्या घेऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला चोरवाट ठाऊक असते, पाण्याचं टाकं कुठल्या महिन्यात आटतं हे ठाऊक असतं, बुरुजाचं गावातलं नाव ठाऊक असतं. त्याच्याकडं कॅमेरा वळवायला ड्रोनएवढाही खर्च येत नाही.

जे टिपलं ते राखण्याची गोष्ट याहून अवघड. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते अक्षरशः शून्यातून उभं केलं. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडं जाऊन, डब्यांतले तुकडे गोळा करून, जुळवून त्यांनी ‘कालिया मर्दन’सारखा चित्रपट परत मिळवला. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळची चार रिळं होती, त्यातली दोन आज आहेत, आणि तीही फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीतली असावीत असं जाणकार मानतात. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, उरले ते मोजकेच. नायर सांगत की जुन्या फिल्ममधली चांदी काढण्यासाठी रिळं भंगारात विकली जात. त्या काळची नायट्रेट फिल्म तर दारूगोळ्यासारखी पेट घेणारी. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातच, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि अनमोल प्रती काही तासांत गेल्या.

नायट्रेट जळते, पुढची ॲसिटेट फिल्म आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो तेव्हा ती मरणपंथाला लागलेली असते. व्हिडिओ टेपचं तर त्याहून वाईट. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गावोगाव लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी खांद्यावर व्हीएचएसचे कॅमेरे घेतले. त्यांनी लग्नं टिपली, तशाच जत्रा, तमाशे, भजनी मंडळांच्या स्पर्धा, बैलपोळे, साखर कारखान्यांच्या सभा आणि शाळांची स्नेहसंमेलनंही टिपली. फिल्म्स डिव्हिजनच्या कॅमेऱ्याला जी गावं कधी दिसली नाहीत, त्यांचं चित्रण त्या काळ्या कॅसेटींत आहे. कपाटावर, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या पेटाऱ्यात ते पडून आहे. बुरशी चढते, टेपवरचा चुंबकीय थर सुटतो, आणि ती चालवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. ही मराठी गावांची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित चित्रसंपत्ती आहे. तिच्यासाठी तालुक्याच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि देवस्थानांनी एकेक खोली आणि एकेक चालू प्लेअर राखून ठेवायला हवा. त्याचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून जास्त नाही.

तोवर ज्यांच्या घरी अशी कॅसेट आहे त्यांनी एवढं करावं. ती उन्हात किंवा ओलीत ठेवू नये, पुन्हा पुन्हा चालवून पाहू नये, आधी जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. प्रत झाली की घरातल्या वयानं थोर माणसाला शेजारी बसवून ती पाहावी, ढोल कोण वाजवतंय, ओवी कोण गातंय, पालखीच्या पुढच्या दांडीला कोण आहे हे विचारावं, आणि गाव, वर्ष आणि ती नावं कागदावर लिहून त्या कॅसेटच्या डब्यात ठेवावीत.